पूर्णाकाठचे रुग्ण आणि प्रत्यारोपणाची वाट

सातपुड्यातून उतरून अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांच्या काळ्या जमिनीतून वाहत तापीला मिळणाऱ्या पूर्णा नदीच्या दोहो काठांस जो सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरांचा खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील गावांत पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचे आणि हापशीचे मचूळ पाणी पिऊन राहिलेल्या माणसांची अशी दृढ समजूत आहे की, घरोघरी शिरलेला मूत्रपिंडाचा विकार या पाण्यानेच आणला. वैद्यकशास्त्र इतक्या त्वरेने निकाल देत नाही. मधुमेह, रक्तदाब, मूतखडे, आणि दिवसभर वाकून निंदण किंवा कापसाची वेचणी केल्यावर पाठ धरू नये म्हणून दुकानातून आणून खाल्लेल्या वेदनाशामक गोळ्या, ही कारणे ते पुढे ठेवते, आणि पाण्याचा वाटा त्यात नेमका किती हे ठरवावयास अधिक अभ्यास हवा असे म्हणते. तो निवाडा करणे माझ्या अधिकारातले नव्हते. माझी नोकरी शासकीय रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक या हुद्द्यावर, आणि बहुतांशी अमरावती व अकोला या दोन शहरांत झाली. वैद्यांचे काम जेथे थबकते आणि कागद, पैसा व घरातल्या माणसांचे मन यांचे काम जेथे सुरू होते, ती जागा सांभाळणे हेच त्या हुद्द्याचे स्वरूप असल्यामुळे, मूत्रपिंडे निकामी झालेला गरीब माणूस प्रत्यारोपणाच्या वाटेवर कोठे व का थांबतो, हे मला पुष्कळ जवळून पाहावयास मिळाले. तो माणूस मुसलमान, बौद्ध किंवा मेळघाटातला कोरकू असला म्हणजे या वाटेवरची त्याची थांबण्याची ठिकाणे वाढतात, हे मला येथे लिहून ठेवावयाचे आहे.

डायलिसिस हा उपचार माणसाला जगवतो, यात संशय नाही. परंतु आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, प्रत्येक खेपेस सुमारे चार तास यंत्राला जोडून घेणे, पाण्याचा घोटही मोजून पिणे, आणि त्या येरझाऱ्यांत मजुरी, शेती, दुकान हळूहळू हातची जाऊ देणे, हे ज्याला करावे लागते त्याचे सारे घर त्या यंत्राभोवती फिरू लागते. प्रत्यारोपणाने, ते यशस्वी झाल्यास, माणूस पुन्हा कामाला लागतो. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली झालेल्या शस्त्रक्रियेपासून हे शास्त्र स्थिरावले, १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला, आणि २०२३ या एका वर्षात देशभर १३,४२६ मूत्रपिंडांची प्रत्यारोपणे झाली. परंतु दरवर्षी ज्यांची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होतात त्यांची संख्या दोन लाखांच्या वर असल्याचा शासकीय अंदाज पाहिला, म्हणजे ही भाग्याची गोष्ट किती थोड्यांच्या वाट्याला येते ते कळते. पूर्वी वऱ्हाडच्या रुग्णाला यासाठी नागपूर नाहीतर मुंबई गाठावी लागे. आता अमरावतीच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात, ज्याला सारे शहर नुसते ‘सुपर’ म्हणते, ही शस्त्रक्रिया होते, आणि मेंदुमृत दात्याच्या अवयवांचे वाटप नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत होते. वाट जवळ आली आहे. प्रश्न तिच्यावर पाऊल कोण ठेवू शकतो हा आहे.

डायलिसिसच्या खोलीत जात आणि धर्म उरत नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि यंत्राला जोडलेल्या माणसांपुरते ते खरेही आहे. बाळापूरचा रिक्षावाला, मूर्तिजापूरची मजूर बाई, अकोटचा निवृत्त गुरुजी आणि दर्यापूरकडचा शेतकरी शेजारीशेजारी निजलेले असत; एकाने आणलेले भाजके फुटाणे दुसऱ्याने खावे की नाही यावर परिचारिका त्या सर्वांना सारखीच दटावीत असे. परंतु प्रत्यारोपणासाठी तयार होणाऱ्या फायली ज्या टेबलावर येत ते टेबल माझे होते, आणि खोलीत जी माणसे दिसत त्यांच्या मानाने त्या फायलींवरील नावांत काही समाजांची नावे विरळ असत. अकोला जिल्ह्यात २०११च्या जनगणनेप्रमाणे सुमारे पाचवा हिस्सा मुसलमान आणि त्याहून थोडेसेच कमी बौद्ध आहेत. शासनाच्या व्याख्येने हे दोन्ही अल्पसंख्याक. कोरकू त्या व्याख्येत बसत नाहीत, ते अनुसूचित जमातीत मोडतात. पण आपल्या भाषेत बोलणारे रुग्णालयात कोणी नसणे हे जर अल्पसंख्य असण्याचे लक्षण धरले, तर त्यांच्याइतके अल्पसंख्य कोणी नाही, म्हणून मी त्यांना या लेखातून वगळीत नाही.

पहिले थांबण्याचे ठिकाण अगदी आरंभीचे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे: प्रत्यारोपण आपल्यासाठी आहे, हे त्या माणसाला कोणी सांगितलेलेच नसते. बाळापूरच्या एका बोळातल्या घरी मी गेले होते, ते तेथल्या मुलाच्या विम्याच्या कागदांसाठी. मुलगा पंचविशीचा, सवारी रिक्षा चालविणारा. दोन वर्षे अकोल्याला डायलिसिसवर. आतल्या खोलीत, जेथे पुरुष कार्यकर्त्याला कोणी नेले नसते, त्याची आई आणि मोठी चाची माझ्यापुढे चहा ठेवून बसल्या, आणि बोलता बोलता मी विचारले की, घरातले कोणी मूत्रपिंड देण्याचा विचार झाला का. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की, प्रश्नच तिला नवा असावा. “हमको तो यही बोले थे, बाई, के अब जिंदगीभर मशीन पे जाना. गुर्दा बदलता, ये बात किसी ने बोली नहीं. मैं दे देती ना!” चाची माझ्याशी वऱ्हाडीत बोलत होती, ती म्हणाली, “आमाले कोनं इचारलंच नाई, त सांगाव काय?”

का सांगितले नव्हते? दुष्टपणाने नव्हे, हे मी खात्रीने सांगते. जेथे तो जात होता तेथल्या कर्मचाऱ्यांना तो मुलगा आवडे. पण एकाने मला सहज म्हटले होते की, ही गरीब माणसे एवढा खर्च करणार कोठून, उगाच आशा कशाला लावा. या दयेने जेवढे रुग्ण वाटेवरून मागे फिरविले तेवढे द्वेषाने फिरविले असतील असे मला वाटत नाही. एखाद्याची ऐपत, एखाद्याचा धर्म, एखाद्याचे अडाणीपण यांविषयी आपण मनात आधीच निकाल देऊन टाकतो, आणि तो निकाल त्याला कळू न देता त्याच्यापुढून एक संपूर्ण मार्ग काढून घेतो. खर्चाचे म्हणावे, तर ते पूर्णपणे खरेही नव्हते. २०१२च्या जुलैत जी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती होता. पुढील वर्षी ती साऱ्या राज्यास लागू झाली, २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते, तिच्यात मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांची तरतूद पहिल्यापासून होती आणि २०२३ साली ती साडेचार लाखांवर नेण्यात आली. पिवळी व केशरी शिधापत्रिका असलेली कुटुंबे, आणि आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या चौदा जिल्ह्यांतील शुभ्र पत्रिकाधारक शेतकरीही तिच्यात तेव्हा येत असत. आमचे अमरावती आणि अकोला दोन्ही त्या चौदांत आहेत. त्या घरात केशरी पत्रिका होती, ती भिंतीतल्या कपाटात आईने जपून ठेवलेली होती.

दोन वर्षांच्या त्या विलंबाचे मोल केवळ काळाचे नव्हते. डायलिसिसवरच्या माणसाचे रक्त उतरते, मग त्याला बाटल्या चढवाव्या लागतात, आणि परक्या रक्ताशी असा वारंवार संबंध आला की शरीर अशी प्रतिद्रव्ये तयार करू लागते की जी पुढे दात्याच्या पेशींवर उठतात. आईचा रक्तगट जुळूनही दोघांच्या रक्ताची प्रत्यक्ष ताडणी प्रतिकूल येऊ शकते. ज्याला पहिल्याच महिन्यात सांगितले असते त्याला जे सहज मिळाले असते, ते दोन वर्षांनी मिळविण्यास अधिक औषधे, अधिक तपासण्या आणि अधिक दैव लागते. सुदैवाने या मुलाची ताडणी अनुकूल आली.

मग दुसरे ठिकाण आले, दफ्तराचे. कायद्याने माता, पिता, पती, पत्नी, पुत्र, कन्या, भाऊ, बहीण आणि २०११च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे ही जवळची नाती मानली आहेत, आणि असा दाता असल्यास संमतीचा अधिकार रुग्णालयाच्या सक्षम प्राधिकाऱ्यास आहे. परंतु नाते कागदाने शाबीत झाले पाहिजे. या आईचे नाव आधारपत्रात एक, शिधापत्रिकेत दुसरे, मतदार यादीत तिसरे होते: एका ठिकाणी नावापुढे ‘बी’, दुसऱ्या ठिकाणी ‘बेगम’, तिसऱ्या ठिकाणी नवऱ्याचे नाव मधे घालून कारकुनाने आपल्या समजुतीने केलेले रूप. मुसलमान बायकांच्या नावांत आडनावाची मराठी पद्धत नाही, हे प्रत्येक कारकुनाला ठाऊक असावयास हवे. पण नमुन्यात पहिले नाव, मधले नाव, आडनाव असे तीनच रकाने असल्यामुळे, तिचे नाव त्यांत जसे बसेल तसे बसविले गेले आणि प्रत्येक बसविण्यात ती एक निराळी स्त्री झाली. निकाहनामा उर्दूत, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला उर्दू शाळेचा व त्यात आईचे नाव नाही, आणि आईचा जन्म घरी झालेला, म्हणजे जन्माची नोंदच नाही. या सर्वांचा मेळ घालण्यासाठी तहसील कचेरीत रहिवासाची पडताळणी, प्रतिज्ञापत्र, निकाहनाम्याचे प्रमाणित भाषांतर, मोहल्ल्यातील दोन वृद्धांची जबानी, आणि शेवटी ऊतींच्या जुळणीचा तो अहवाल, की ज्यात आईचे अर्धे अंश मुलात स्पष्ट दिसत होते व ज्याने कागदाला जे जमले नाही ते सांगून टाकले, असे सारे जमवावे लागले. २०१४च्या नियमांत एक चांगले कलम आहे: दाता स्त्री असल्यास अधिक सावधगिरी बाळगावी, आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या व्यक्तीकडून पडताळून घ्यावी. त्या आईला मी एकटीला विचारले, आत्यांना आणि दिरांना बाहेर बसवून. तिने उत्तरादाखल मुलगा लहानपणी तापाने फणफणला असता ती त्याला पाठीवर घेऊन अकोल्यापर्यंत कशी आली होती ते सांगितले, आणि मग पुन्हा विचारल्यावर, होय, माझ्या मर्जीने, असे स्पष्ट म्हणाली.

येथे अकोल्याच्या एका जुन्या जखमेचा उल्लेख करणे भाग आहे. २०१५च्या डिसेंबरात या शहरात मूत्रपिंडांच्या खरेदीविक्रीचे प्रकरण उघडकीस आले. सावकारी कर्जात बुडालेल्या माणसांना कर्जफेडीच्या नावाखाली मूत्रपिंड देण्यास भाग पाडून, त्यांतील काहींना थेट श्रीलंकेपर्यंत नेल्याचे पोलिसांच्या तपासात पुढे आले. हा व्यापार किती निर्घृण आहे हे ज्याने विकणाऱ्याची कूस पाहिली आहे त्याला सांगावे लागत नाही, आणि कायद्याने त्यावर जी चौकी बसविली आहे ती ढिली करावी असे मी कधीही म्हणणार नाही. परंतु त्या प्रकरणानंतर काही वर्षे, अंगावर साधा सदरा आणि पायांत झिजलेली चप्पल असलेला प्रत्येक दाता विकणारा असला पाहिजे, असा एक ग्रह ठिकठिकाणी बसला. एका सुनावणीत, धाकट्या भावाला मूत्रपिंड देऊ इच्छिणाऱ्या एका बौद्ध शेतमजुराला, किती घेतलेस, हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत इतक्या वेळा विचारला गेला की, शेवटी तो माझ्याकडे वळून म्हणाला, “बाई, भाऊ हाय म्हनून सांगतलं त गुन्हा झाला काय?” ज्या कायद्याची निर्मिती गरिबाला वाचविण्यासाठी झाली, तोच गरिबाकडे संशयाने पाहू लागला, म्हणजे गरिबाला दोन्ही बाजूंनी मार बसतो: सावकार त्याचे मूत्रपिंड नेतो, आणि त्याच्या भावाला मात्र ते प्रेमाने देता येत नाही. चौकशी कडक असावी, पण तिचा भार, म्हणजे कागद शोधणे, नात्याचा पुरावा गोळा करणे, भाषांतर करविणे, हा कचेरीने उचलावा आणि दात्याच्या डोक्यावर टाकू नये, एवढेच मी त्या काळात प्रत्येक बैठकीत म्हणत असे.

धर्माविषयी आपल्याकडे जे बोलले जाते त्यातले पुष्कळसे, घरात न शिरता बोललेले असते. मुसलमान अवयव देत नाहीत, त्यांच्या धर्मात ते बसत नाही, हे मी शिकलेल्या माणसांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकले. वस्तुतः १९८८ साली जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनाने अवयवदान काही अटींसह संमत ठरविले आहे. भारतातील उलेमांत या बाबतीत मतभेद आहेत, विशेषतः मृत्यूनंतरच्या दानाविषयी, आणि ते मतभेद प्रामाणिक आहेत. अकोल्यातील एका मशिदीच्या इमामसाहेबांकडे मी एका कुटुंबासह गेले होते, तेव्हा त्यांनी फतव्याची भाषा न करता डॉक्टरांसाठी चार प्रश्न दिले: दाता पुढे धडधाकट राहील का, पैशाचा व्यवहार नाही ना, दुसरा उपाय आहे का, आणि मेंदुमृत म्हणतात त्याचे हृदय चालू असताना त्याला मृत कसे म्हणावयाचे. चौथा प्रश्न मी कित्येक हिंदू घरांतही ऐकला होता. फरक इतकाच की तेथे तो संकोचाने विचारला जाई आणि येथे सरळ. डॉक्टर स्वतः येऊन मशिदीच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी त्या सर्वांची उत्तरे दिली. इमामसाहेबांनी जिवंतपणी आप्ताला देण्यास संमती दर्शविली, मेंदुमृत्यूबाबत आपले मन अजून तयार नाही असे स्पष्ट सांगितले, आणि त्या स्पष्टपणाने त्यांनी मला पुष्कळ मोठी मदत केली; कारण त्यानंतर त्या मोहल्ल्यातल्या बायका माझ्याशी प्रत्यारोपणावर बोलण्यास कचरेनाशा झाल्या. मृत्यूनंतरच्या दानात आणखी एक अडचण व्यवहाराची आहे. दफन लवकर व्हावे ही त्या समाजाची रीत; अपघाती मृत्यूत पंचनामा आणि शवविच्छेदन यांत रात्र जाते, आणि शरीर केव्हा मिळेल हे कोणी सांगू शकत नाही. धर्माने जितके दान अडविले नसेल तितके या अनिश्चित प्रतीक्षेने अडविले आहे, असा माझा अनुभव आहे. आणि जेथे माणसे माणसांवर विश्वास ठेवतात तेथे काय घडते, याचे उदाहरण राजस्थानातून आले: २०१६ साली जयपूर येथे एका हिंदू आणि एका मुसलमान कुटुंबातील पत्नींनी, आपला रक्तगट आपल्या पतीशी जुळत नाही म्हणून, एकमेकींच्या पतींना मूत्रपिंडे दिली. अशी अदलाबदल आपल्या कायद्याने २०११पासून मान्य केली आहे.

मेळघाटाची गोष्ट निराळी, आणि तिच्याबद्दल लिहिताना मला अजूनही जड जाते. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, मराठीशी तिचे काही नाते नाही; धारणीपासून अमरावती दीडशे किलोमीटरांच्या आसपास, घाट उतरून यावयाचे, एस.टी. चुकली की दिवस गेला. एका कोरकू तरुणाला त्याच्या बहिणीने मूत्रपिंड दिले. तपासण्यांच्या खेपांत त्यांच्याकडे राहण्याची सोय नव्हती, ती आम्ही केली. दुभाषी नव्हता, तो आश्रमशाळेत शिकलेल्या एका मुलाच्या रूपाने मिळाला. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, आणि तो घरी गेला. पण प्रत्यारोपण केलेल्या माणसाला शरीराने नवे मूत्रपिंड परके म्हणून टाकून देऊ नये यासाठी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट यांसारख्या गोळ्या जन्मभर, ठरल्या वेळी, एकही खेप न चुकविता घ्याव्या लागतात, आणि त्यांची रक्तातील पातळी वारंवार मोजावी लागते. त्याच्या गोळ्या पावसाळ्यात संपल्या, रस्ता बंद होता, आणि दोनतीन आठवडे त्याला बरे वाटत होते म्हणून त्याने घाई केली नाही. तो परत आला तेव्हा मूत्रपिंड गेलेले होते. बहीण त्याच्या खाटेपाशी बसून राहिली होती आणि मला काही विचारीत नव्हती. त्यानंतर मी जेथे जेथे बोलले तेथे एकच मागणी केली आहे की, या गोळ्या धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात, अकोटात, बाळापुरात ठेवाव्या आणि रक्ताचा नमुना तेथेच घेऊन अमरावतीस पाठवावा; नमुन्याला एस.टी. चालते, माणसाने दर वेळी यावे लागू नये.

बायकांविषयी दोन शब्द लिहिले नाहीत तर हे सारे लिहिणे अपुरे राहील. आपल्या देशात १९९५ ते २०२१ या काळातील अवयव प्रत्यारोपणांची जी आकडेवारी राष्ट्रीय संस्थेने दिली, तिच्यात ३६,६४० पैकी २९,६९५ पुरुषांना आणि अवघ्या ६,९४५ बायकांना अवयव मिळाले. देणाऱ्यांत मात्र बायकांची संख्या मोठी. माझ्या फायलींत आई, बायको, बहीण यांची नावे दात्याच्या रकान्यात सहज येत. रुग्णाच्या रकान्यात बाईचे नाव आले की घरात शांतता पसरे. सासरची माणसे माहेरकडे पाहात, माहेरची सासरकडे. मुसलमान असो, बौद्ध असो, कुणबी असो, यात मला काडीचाही फरक दिसला नाही.

सुधारणा झाली ती थोडी, पण झाली. उर्दू वाचणारी एक परिचारिका आमच्या पाठपुराव्याने काही काळ डायलिसिस कक्षात नेमली गेली, आणि रुग्णाला पहिल्या महिन्यातच, घरातील निर्णय घेणाऱ्या माणसासह बोलावून, प्रत्यारोपणाचा मार्ग समजावून सांगण्याची पद्धत आम्ही पाडली. २०२३च्या फेब्रुवारीत केंद्राने मृत दात्याच्या प्रतीक्षायादीसाठी अधिवासाची अट आणि पासष्ट वर्षांची वयोमर्यादा काढून टाकली, तीही मोठीच गोष्ट होय. अमेरिकेत असे घडले की, मूत्रपिंडाची शक्ती मोजण्याच्या सूत्रातच काळ्या माणसांसाठी एक निराळा गुणक घातलेला होता, ज्यामुळे त्यांचे मूत्रपिंड आहे त्याहून बरे दिसे आणि त्यांची नावे यादीत उशिरा लागत. २०२२ साली तो गुणक वापरण्यास तेथील प्रत्यारोपण व्यवस्थेत बंदी झाली, आणि २०२३च्या जानेवारीपासून त्या माणसांचा बुडालेला काळ त्यांच्या प्रतीक्षेत धरून देण्यास रुग्णालयांना सांगण्यात आले. आपल्याकडे असे सूत्र नाही. आपला अन्याय कोठे लिहिलेला नसल्यामुळे तो खोडता येत नाही, आणि ज्या रुग्णाचे नाव यादीवर लागलेच नाही त्याचा बुडालेला काळ कोणी मोजीतही नाही.

त्या बौद्ध शेतमजुराने शेवटी भावाला मूत्रपिंड दिले. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत शस्त्रक्रिया झाली, पुढे कित्येक आठवडे त्याला ओझे उचलण्याची मनाई होती, आणि त्या हंगामाची मजुरी बुडाली ती बुडालीच. गावच्या विहारात रविवारी जमलेल्या लोकांनी मला धर्माविषयी काही विचारले नाही. त्यांनी एवढेच विचारले की, भावाला वाचविले याची मजुरी कोण देणार. १९९४च्या कायद्यात ‘मोबदला’ या शब्दाची व्याख्या करताना, अवयव दिल्यामुळे दात्याचा जो प्रत्यक्ष खर्च झाला आणि जे उत्पन्न बुडाले त्याची वाजवी भरपाई त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहे. म्हणजे अशी भरपाई देणे हा व्यापार नव्हे, हे संसदेने तीस वर्षांपूर्वीच सांगून ठेविले आहे. अमेरिकेत २०२० पासून कमी उत्पन्नाच्या दात्यांना बुडालेली मजुरी शासकीय निधीतून मिळू लागली. मी त्या मजुराच्या नावे त्या कलमाचा हवाला देऊन अर्ज केला. तो अर्ज काही महिन्यांनी परत आला, आणि त्यावर शेरा होता की, अशा खर्चासाठी लेखाशीर्ष उपलब्ध नाही. लेखाशीर्ष उघडण्यास, माझ्या समजुतीप्रमाणे, कायद्यात दुरुस्ती लागत नाही. एक शासननिर्णय पुरेसा आहे, आणि तो काढण्याची विनंती मी निवृत्त झाल्यावरही दर अधिवेशनाच्या आधी लेखी करीत असते.